काकूच्या पाळीचं पाणी

खरं सांगतो, चोरीच होती ती. दुसरा शब्द नाही.

आर्णीजवळच्या आमच्या शेतात विहीर एक अन् वाटेकरी दोन: मी आणि माझी काकू. एक दिवस माझी पाळी, एक दिवस तिची. तिच्या पाळीवर तिची वांगी जगायची. बाजाराच्या दिवशी टोपलं घेऊन ती स्वतः विकायला बसायची. मी पॉलीहाउस टाकलं, आत ढोबळी मिरची. मे महिन्यात आत नुसती भट्टी. फुलं गळायला लागली तसा माझा जीव खालीवर. फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे, दिवसभर चालू. वर शहाणपणा असा की थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून चारही बाजूंचे पडदे घट्ट बंद! टाकी दुपारीच रिकामी व्हायची. मग काकूच्या पाळीला, ती जेवायला घरी गेली की मी कॉक फिरवायचो. पाळी तिची, पाणी माझ्या टाकीत. ती यायच्या आत कॉक परत जागेवर. लाज नाही वाटली? वाटली ना. तरी पंधरा दिवस तेच केलं.

एक दिवस ती ताकाचा तांब्या घेऊन आली अन् पॉलीहाउसच्या दारातच थबकली.

"काहून रे बापा, पडदे कायले लावले? कूलर लावून खिडकी बंद करते का कोणी?"

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. हवाच ओलीगच्च झाली तर पाणी वाळणार कुठं, अन् वाळल्याशिवाय थंडावा कसला? माझं पाणी नुसतं पानांवरून ठिबकत होतं. पडदे उघडले तसा आत गारवा आला, फॉगर अधूनमधूनच लावावे लागले. संध्याकाळी पाहतो तर टाकी अर्धी शिल्लक. म्हणजे तिचं पाणी मला कधी लागतच नव्हतं.

सकाळी सगळं कबूल करायचं ठरवून तिच्या वावरात गेलो. ती वांग्याची झाडं उपटत होती. हिरवीगार, फुलावर आलेली.

"विहीर आटून राह्यली रे. माह्या पाळीत पाणी पुरतच नाही. अर्धी काढतो, म्हणजे बाकीची तरी जगतीन." मग कंबर सरळ करत म्हणाली, "तुही मिरची नाजूक. लागलं तं माह्या पाळीतलं घेत जाय. लाजू नको."

शब्द तोंडापर्यंत आले होते. "बरं काकू," एवढंच म्हणालो, अन् वाकून तिच्यासोबत झाडं उपटू लागलो.