अकरावं लायसन

आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर वीस आणि ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची लायसन दहा. अकराव्यानं उघडायला घेतलं की पडद्यावर सरळ नकार यायचा. आधीच्या दहातल्या कुणी बंद केल्याशिवाय आत शिरता यायचं नाही. त्यात कॉम्प्युटर इतके संथ, की एक रेघ मारावी आणि ती उमटेपर्यंत राजारामपुरीत चहा पिऊन यावं. मी मुळातच तापट. माऊस आपटला म्हणून लॅब सांभाळणाऱ्या मामांनी मला दोनदा बाहेर काढलं होतं. शेवटच्या वर्षी माझा हाच एक विषय राहिला, आणि त्याचा दोष मी आजही त्या लायसनलाच देते.

पुन्हा परीक्षेला बसले तेव्हा शिरोलीच्या एका फौंड्रीत माझी नोकरी ठरली होती. फक्त पासचा कागद दाखवायचा होता. प्रॅक्टिकलला मागच्या वर्गातल्या दहाजणांची बॅच होती, तिला मला जोडलेलं. म्हणजे मी अकरावी. पण हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

परीक्षा सुरू झाली आणि माझ्या पडद्यावर नकार आला. "माझी नोकरी अडकलीया!" मी ओरडलेच. परीक्षक शांतपणे म्हणाले, "कुणाचं लवकर झालं तर तुम्ही सुरू करा." तीन तासांतले दोन तास मी लोकांच्या पाठी बघत बसले. रागानं रडू यायला लागलं.

तेवढ्यात गगनबावड्याहून रोज एसटीनं येणारा एकजण उठला. दोन्ही वर्गांची लॅब एकच, म्हणून कॉम्प्युटरवरून मागचं वर्षभर माझ्याशी भांडलेला. "माझं झालं. घे तू," म्हणाला. त्यानं बंद करायला घेतलं आणि त्याचं मशीन हँग! मी थेट बटणाकडं धावले.

"हात लावू नगंस!" मामा ओरडले. "तसंच बंद केलंस तर लायसन आत अडकंल. मग सगळ्यांचंच बंद करून परत चालू करायला लागंल."

आम्ही दोघं हाताची घडी घालून पडद्यावरच्या वाळूच्या घड्याळाकडं बघत उभे राहिलो. शेवटी एकदाचं ते बंद झालं. मी पळत माझ्या जागेवर गेले, क्लिक केलं, आणि उघडलं! हुश्श! त्यानंतर मात्र प्रत्येक रेघेची मी शहाण्यासारखी वाट पाहिली. शेवटच्या पाच मिनिटांत परीक्षेत काढायला दिलेलं ब्रॅकेट मापांसकट पुरं झालं.

प्रिंट निघायला लागल्या. आधी माझी आली, मागोमाग त्याची. त्याच्या ब्रॅकेटवर एकही माप नव्हतं.

"मापं कुठं हायत?" मी विचारलं.

"ऱ्हायली. पासापुरतं हाय की," तो म्हणाला. "नोकरी तुझी अडकलीया, माझी न्हाय." आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेला. मला आभारसुद्धा मानता आले नाहीत.

पुढचा महिनाभर मला स्वतःची काळजी नव्हती, त्या न टाकलेल्या मापांची होती. निकालाच्या दिवशी बोर्डावर मी आधी त्याचा नंबर शोधला. माझाही नंबर होता, त्याच्याखाली तिसऱ्या ओळीत. पण जीव भांड्यात पडला तो त्याचा दिसल्यावर.