त्यांच्या बोटाचा ट्रिगर

तरुणपणी मी मोठी चोखंदळ! यांच्या नेमबाजीच्या पिस्तुलाला नवा ट्रिगर घ्यायला आम्ही दोघं गेलो, तर सोनेरीच हवा म्हणून अडून बसले, जणू कानातलं घेत होते. आमचे हे हसले, "बोटाला विचार, डोळ्यांना नक्को." त्यांनी साधा पोलादी निवडला, न अडकता सुटणारा. आपल्या आखूड बोटाच्या मापाने स्क्रू फिरवून तो मागे बसवला.

यंदा हे गेले. आता त्याच पिस्तुलावर नात सराव करते. काल म्हणाली, "आज्जी, माझं बोट लांब आहे. ट्रिगर पुढे सरकवू?"

मी ट्रिगरवर माझं बोट टेकवून पाहिलं. यांचं माप घरात तेवढंच उरलं होतं.

"हौ, सरकव," म्हटलं आणि पाना शोधायच्या निमित्ताने आत गेले. पाना माझ्या हातातच होता.