पिशवीतलं कणीस

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतकी ज्वारीच्या दाण्याशी हुज्जत घातलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. चितेगावकडच्या बियाणे कंपनीतून ते निवृत्त झाले, पण दाणा काही त्यांना सोडेना. मंडईत गेले तरी मटाराची शेंग सोलून, यातला एक दाणा का भरला नाही, यावर भाजीवाल्याचा तास घेतात. "जीन नुसता हुकूम सोडतो," ते सांगतात, "राबतं ते एन्झाइम. साखरेचं पीठ तेच करतं. ते आळशी निघालं की दाणा गोड राहतो, वाळला की सुरकुततो, आन् आतला कोंब उपाशी मरतो." भाजीवाला म्हणतो, "व्हय सर. अर्धा किलो देऊ का?"

असाच गोड, सुरकुतणाऱ्या दाण्याचा हुरड्याचा वाण सरांच्या बायकोनं, काकूंनी, माहेरून आणला होता. सर त्याला जन्मभर रोगट म्हणत आले. काकू गेल्या आणि गच्चीवर त्याच वाणाच्या कुंड्या लागल्या. परका पराग शिरू नये म्हणून प्रत्येक कणसावर कागदी पिशवी, पिशवीवर तारीख. माणसांशीही त्यांचं तसंच झालं. चार वर्षांत मला त्यांनी कधी बस म्हटलं नाही. उगवण दरसाल घटत गेली आणि गेल्या हिवाळ्यात कुंडीत ज्वारीचं एकच ताट उभं उरलं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडं जाताना ते म्हणाले, "पाणी घाल. पिशवीला हात लावू नको." पिशवी दवानं भिजलेली दिसली, कणीस कुजेल म्हणून मी शहाण्यानं ती दोन दिवस काढून ठेवली. शेजारच्या माझ्या कुंडीत चिमण्यांना टाकलेली साधी ज्वारी उगवून फुलोऱ्यात आली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

कणीस वाळलं, तर सुरकुतलेल्या दाण्यांत सात दाणे टपोरे. सरांनी ते तळहातावर घेतले. "पिशवी काढली होती?" मी हो म्हटलं. पुढच्या पेरणीपर्यंत जिन्यात भेटले तरी ते बोलले नाहीत. पेरलं तेव्हा काकूंच्या वाणाचा एकही दाणा उगवला नाही, टपोरे मात्र सातही उगवले.

परवा त्यांनी मला वर बोलावलं. नव्या कणसांत टपोऱ्या दाण्यांच्या मधे मधे, चारात एखादा, सुरकुतलेला होता. एक त्यांनी दाताखाली धरला आणि बराच वेळ चघळला. "गोडी कुठं गेली नव्हती," ते म्हणाले, "एक पिढी दबून राहिली." आता हे पुढच्या पेरणीसाठी नव्या पिशव्या बाहेर काढणार, असं मला वाटलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"बस थोडा वेळ. तुझी काकू असती तर तिनं तुला पहिल्याच दिवशी बसवलं असतं."