किलोज्यूल, कॅलरी आणि आईची भूक

पंधरा दिवसांपूर्वी आलापल्लीतल्या आमच्या घरी, दुपारच्या जेवणाला, माझा पार गोंधळ उडाला...

आईला अर्धांगवायू झाल्यापासून गिळता येत नाही, बोलताही येत नाही. नाकातल्या नळीतून पावडरचं दूध देतो. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाला पंधराशे कॅलरी द्या.

इथली पावडर संपली आणि मामेभावाने ऑस्ट्रेलियाहून मोठा डबा पाठवला. त्यावर शंभर ग्रॅमला १९०० लिहिलेलं. म्हणजे दिवसाला ऐंशी ग्रॅम खूप झाली की... परदेशी पावडर, जोरदार असणार!

आठवडाभर तेवढीच दिली. आई मलूल होत गेली. मला वाटलं, आजार वाढतोय.

त्या दुपारी आम्ही जेवत होतो. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, आईजवळ बसली होती. ती म्हणाली, "पोरी, आक्का भुकेली हाये. तुमच्या ताटाकडे पाहून राह्यली ते."

मला राग आला. मी तिला डबा दाखवला, हिशोब समजावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले वाचता येत नाई. पन भूक समजते."

मग मी चष्मा लावून डबा पुन्हा वाचला. १९०० च्या पुढे बारीक अक्षरात kJ होतं. किलोज्यूल...

मोबाईलवर शोधलं तर आणखीच गुंता. एक कॅलरी म्हणजे जवळपास ४.२ ज्यूल. पण हजार कॅलरींची एक किलोकॅलरी. मग डॉक्टरांच्या पंधराशे कॅलरी म्हणजे दीडच किलोकॅलरी? तसं असेल तर आईला मी शेकडो पट जास्त देत होते! मी लाकडाच्या डेपोत कारकून आहे, रोज घनफुटाचे घनमीटर करते... आणि इथे आईला कमी पडतंय की जास्त, तेच कळेना.

शेवटी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की बोलताना सगळे कॅलरी म्हणतात, पण अर्थ किलोकॅलरीच असतो. किलोज्यूलला साधारण चारने भागा.

भागलं... आईला आठवडाभर जेमतेम पाव पोटच मिळत होतं.

मॅडमनी बजावलं, एकदम वाढवू नका, उपाशी शरीराला ते झेपत नाही, आधी रक्त तपासा. संध्याकाळच्या आत तपासणीला नेलं. मग त्यांनी सांगितलं तसं रोज थोडं थोडं वाढवत गेलो. त्या दिवसांत आईच्या डोळ्यांत बघायची हिंमत होत नव्हती.

काल मावशी नळीतून दूध देत असताना आईने चांगला हात हलकेच वर केला. पुरे, म्हणून. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

ज्यूल आणि कॅलरीचं मला अजूनही नीट कळलेलं नाही, दरवेळी कागदावर लिहून बघते. पण मावशी त्या दिवशी गप्प बसली असती तर... पुढचं मनात आणवत नाही. मावशी, तुझे पाय धरते.