बाद झाल्यावरची धाप

अन्याय झाला तो माझ्या अकरा वर्षांच्या भाचीवर. गेल्या डिसेंबरात, शाळेच्या खो-खो संघाची निवड होती त्या शनिवारी सकाळी, ती बाद होऊन कडेला बसल्यावर काही मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण सगळा घोटाळा त्या वेळेतच आहे.

पळताना तिला काहीच झालं नव्हतं. पोरींना हुलकावण्या देत, खुंटाला वळसे घालत ती झकास पळाली. मग बाद झाली, टाळ्या घेतल्या, कडेला येऊन बसली. आणि तिथे खोकला सुरू झाला. खांदे वरखाली व्हायला लागले, छातीतून बारीक शिट्टी येऊ लागली.

सर म्हणाले, "पळताना ठणठणीत होतीस ना? आउट झाल्यावर बरी धाप लागते तुला!"

"अगं, जरा आधी खोकली असतीस तर वाचली असतीस," एक पोरगी म्हणाली. सगळ्या हसल्या. संघात भाचीला घेतलं नाही. सरांना नाटकं चालत नाहीत.

मी फाटकापाशीच होते, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन. आमच्या नाहूरमधल्या काँक्रीट प्लांटच्या धुळीविरुद्ध आम्ही पोरंपोरी पत्रकं वाटत होतो. त्यामुळे माझं उत्तर तयार होतं: धूळ. मी तरातरा सरांकडे गेले. म्हटलं, "सर, दमा आहे तिला, या धुळीने उसळतो. नाटक कसलं?"

"दमा? घरून तर कफाचा त्रास म्हणून सांगितलंय."

सर खरं बोलत होते. भाची लहान असताना इस्पितळात सुरू केलेला दम्याचा, तोंडाने ओढायचा पंप आमच्या घरात कपाटात असतो, पण दमा हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. मी काढला की आई दाराकडे बघते. "हळू बोल गो, उद्या चेडवाचा लगीन करूचा आसा." चेडू म्हणजे पोरगी, आणि ती अकरा वर्षांची! पण शेजारी, नातेवाईक, शाळा, सगळ्यांसाठी तिला 'जरा कफ' आहे.

नेहमीच्या डॉक्टरांनी तर दर वेळी छाती साफ असल्याचंच सांगितलं होतं. या वेळीही तेच. "अभ्यासाचं टेन्शन असेल," म्हणाले. पोरगी डॉक्टरांसमोर बसलेली, श्वास शांत, त्यांना तरी काय ऐकू येणार? शेवटी मी ताईच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, मागे लागून दोघींना घाटकोपरला, लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावण्याआधीच विचारलं, "पंप शेवटचा कधी घेतला?"

"आत्ताच, निघताना," ताई म्हणाली. "बाहेर बसल्यावर खोकली की लोक कसे बघतात, माहितीय ना."

डॉक्टरबाई हसल्या. "म्हणजे बरी करून आणलीत, आणि मला म्हणता बघा काय झालंय!"

ताई ओशाळली. पण यात तिचं काय चुकलं सांगा. डॉक्टरकडे जायचं म्हणजे मूल अंघोळ घालून, वेणी घालून, नीटनेटकं न्यायचं, हे आमच्याकडे सगळ्याच आया करतात. दमेकरी पोरीच्या आईने त्या तयारीत पंप घातला, इतकंच. दर वेळी ती पुरावा पुसून पोरीला घेऊन जात होती.

बाईंनी समजावलं, की दमा असलेल्या मुलाला खेळताना लागणारी प्रत्येक धाप दम्याचीच असते असंही नाही. कधी घसा आवळतो, कधी नुसती पळायची सवय तुटलेली असते. अंदाजाने पंप वाढवायचा नाही आणि अंदाजाने नाटक म्हणायचं नाही. पळवून बघायचं. कोणतं औषध किती तास आधी थांबवायचं ते त्यांनी स्वतः सांगितलं, आणि मनाने काही बंद करायचं नाही असं दोनदा बजावलं.

तपासणीच्या दिवशी भाचीने आधी श्वासाचा जोर मोजणाऱ्या यंत्राच्या नळीत जोरात फुंकलं. मग नाकाला चिमटा लावून ती ट्रेडमिलवर चांगली दमेपर्यंत पळाली. उतरल्या उतरल्या पुन्हा फुंकलं. आकडा जवळपास तोच.

ताईने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरी आहे ना मग?"

"थांबा हो. आत्ता कुठे बघायची वेळ आलीय."

पुढची काही मिनिटं भाची फुंकत राहिली, आणि आकडा घसरत गेला. खोकला आला. तीच शिट्टी आली. बाईंनी पंप दिला, जरा वेळाने आकडा परत वर चढला. भाचीचं त्या यंत्राकडे लक्षच नव्हतं. ती आईकडे बघत होती. "बघितलंस? मी मुद्दाम नव्हते करत."

ताईने तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

मी आजही धुळीची पत्रकं वाटते, धुळीने दमा बळावतोच. पण त्या सकाळी मीसुद्धा कारण आधी ठरवलं आणि पोरीकडे नंतर बघितलं. सर पुढच्या खेळाडूकडे वळले होते. डॉक्टर विश्रांती घेतलेली छाती ऐकत होते. यांत वाईट माणूस एकही नाही, आणि त्यामुळेच माझा जास्त संताप होतो. वाईट माणसाला घेराव तरी घालता येतो.

आता खेळण्याआधी पंप आहे, हळूहळू अंग गरम करणं आहे. मी सरांना सगळं सांगितलं. "आधी सांगायचं ना," ते म्हणाले. जूनपासून सरावाला पाठवा म्हणाले. पण भाची जायला तयार नाही. "नको गं मावशी, परत हसतील." तिचा श्वास आम्ही सावरला, मैदान मात्र अजून तिला परत मिळालेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. घरात पंप असेल तर शाळेत जाऊन दमा हा शब्द मोठ्याने उच्चारा. डॉक्टरांना विचारा, "पळवून तपासलंत का?" आणि मैदानावर उभे असाल, सर असा, बाप असा, कोणीही असा, तर खेळून कडेला बसलेल्या पोराकडे पाठ फिरवू नका. पुढची दहा मिनिटं त्याच्याजवळ थांबा. त्याच्यावर हसण्याआधी थांबा.