पाणी अडवा, चप्पल पकडा

आमच्या मालवण तालुक्यात थंडी मुख्यतः कपड्यांत पडते. डिसेंबर उजाडला की सकाळी वाऱ्याला थोडा गारवा येतो, गवतावर दव दिसतं, आणि तेवढ्या भांडवलावर आम्ही मफलर, कानटोपी आणि मुंबईच्या भावाने जुना झाला म्हणून दिलेला स्वेटर बाहेर काढतो. दहा वाजता ऊन तापतं. तरी कोणी स्वेटर काढत नाही, कारण तो पुन्हा घालायची संधी यायला वर्ष जावं लागतं.

अशा एका सकाळी मी स्वेटर घालून कचेरीत पोचलो तेव्हा साहेब हाफ शर्टात व्हरांड्यात उभे होते. ते घाटावरून बदलून आलेले. त्यांच्या मते आमच्याकडे हिवाळा नसतोच, फक्त कामचुकारपणाचा एक थंड मोसम असतो.

"चला, बसा गाडीत," ते म्हणाले. "श्रमदान आहे. वहाळावर बंधारा बांधायचाय. पाहुणे येणार आहेत."

मी ज्या विभागात काम करतो त्याचा पाण्याशी संबंध आहे. माझा स्वतःचा पाण्याशी संबंध टेबलावरच्या ग्लासापुरता. जुलैत आमच्याकडे एवढा पाऊस पडतो की टंचाईच्या फायलीला बुरशी येते, आणि एप्रिलमध्ये त्याच फायलीतल्या गावांना टँकर लागतात. मधल्या काळात सगळं पाणी समुद्राला जातं. समुद्राला पाणी कमी पडू नये म्हणून आम्ही जेवढी काळजी घेतो तेवढी दुसऱ्या कशाचीच घेत नाही. बाकीच्या संपत्तीचंही तसंच. डोंगर आमच्याकडे होते, त्यांचे चिरे झाले आणि चिऱ्यांची कंपाउंडं झाली; आता त्या कंपाउंडांच्या आत राहण्यासाठी लोक डोंगराचा व्ह्यू शोधतात. असे विचार मला जीपमध्येच सुचतात, कारण कचेरीत वेळ मिळत नाही.

जीपमध्ये आम्ही चौघे कर्मचारी मागे दाटीने बसलो होतो आणि पायांशी प्लास्टिकच्या बाटल्यांतल्या पाण्याचे खोके होते. पाणी वाचवायला जाताना पाणी विकत घेऊन गेलो नाही तर लोक आम्हाला गंभीरपणे घेत नाहीत.

मसुऱ्याच्या पुढे एका वाडीत आम्ही उतरलो. वहाळ छान वाहत होता, घोट्यापेक्षा थोडा वर. दोन्ही काठांवर करंज, खाली गोल गुळगुळीत दगड. वाडीतली पंधरावीस माणसं आधीच जमली होती. सिमेंटच्या रिकाम्या गोणी भरून त्यांची आडवी भिंत घालायची, एवढंच काम. गोणीत वाळू भरायची पद्धत आहे, पण वाळूला हात लावायला बंदी असल्यामुळे आम्ही काठावरची माती आणि खडी भरली. माती दमट होती, गोणी जड झाल्या. माझा स्वेटर पहिल्या काही मिनिटांतच करंजाच्या फांदीवर गेला.

कामात सगळ्यात पुढे होती एक काकी. साठीची असेल. पदर खोचलेला, आवाज तीन वाड्यांना पुरेल असा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तिचा मळा होता: चवळी, लाल माठ, थोड्या मिरच्या. पाणी साठलं की मळ्याला आणि विहिरीला आधार, हे तिचं सरळ गणित. तिचा धाकटा दीर मात्र पलीकडच्या काठावर हाताची घडी घालून उभा होता. त्याची माडाची बाग बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला. त्याने एकही गोण उचलली नाही.

"बरां झाला," काकी मला गोण देताना म्हणाली. "आता माझी चवळी होळयेपर्यंत उभी रवात."

"तुझी चवळी उभी रवात," पलीकडून दीर म्हणाला, "आणि माझे माड आडवे होतले, त्येचा काय?"

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

"बंधाऱ्याचं स्वागत करतायत," मी म्हणालो.

अकराच्या सुमाराला बंधारा पुरा झाला. खरोखर पुरा झाला, आणि आमच्या विभागासाठी हा प्रसंग नवीन होता. पाणी थांबलं, मागे पसरलं, चढायला लागलं. पोरं काठावर ओरडत होती. मी गोणींवर उभा राहून वर पाहिलं तर मघाचा घोटाभर वहाळ गुडघ्यापर्यंत आला होता, त्यात करंजाची सावली पडली होती, आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं. मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

अडचण एकच होती. पाहुणे आले नव्हते.

ते आले तोपर्यंत जेवणाची वेळ उलटत आली होती. मोठा माणूस, नाव सांगायची गरज नाही, तुमच्या तालुक्यातही एक असेलच. स्वभावाने वाईट नव्हता. गाडीतून उतरल्यावर त्याने सगळ्यांना हात जोडले, उशिराबद्दल माफी मागितली, आणि बंधाऱ्याकडे बघून म्हणाला, "वा! झालासुद्धा?"

त्या 'झालासुद्धा'ने साहेबांचा चेहरा पडला. पाहुण्यांच्या हस्ते जे व्हायचं ते त्यांच्याशिवाय होऊन बसलं होतं. पाहुण्यांबरोबर आलेल्या फोटोग्राफरने लगेच उपाय सांगितला. "मधल्या दोनचार गोणी काढा. पाहुणे त्या लावतील, आपण फोटो घेऊ, झालं."

"पाणी दाबाने येईल," मी म्हणालो.

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

काकीला कळायच्या आत मधल्या वरच्या गोणी निघाल्या. पाहुणे पँट वर करून, पायात नवीकोरी चामड्याची चप्पल घालून पाण्यात उतरले आणि हातात गोण धरून कॅमेऱ्याकडे हसले. फोटो निघाला. आणि खालच्या गोणी सरकल्या.

सकाळपासून साठलेलं पाणी एकदम मोकळं झालं. पाहुणे पडले नाहीत, मी आणि एका सहकाऱ्याने त्यांना काखेत हात घालून धरलं. पण त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निघाली आणि फेसाबरोबर खाली धावत सुटली.

"चप्पल! चप्पल पकडा!" साहेब ओरडले.

साहेबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कचेरी धावली, फोटोग्राफर धावला, वाडी धावली. चप्पल दगडावर आपटत, वळणावर गिरकी घेत चालली होती, आणि तिच्यामागे आम्ही सगळे काट्याकुट्यांतून. मागून काकीचा आवाज येत होता, "मेल्यांनो, चप्पल कसली धरतास? पाणी जाता ता धरा!" पण पाण्याला धरून फायदा काय? ते पाहुण्यांच्या पायातलं थोडंच होतं.

चप्पल मला मिळाली. माडाच्या बागेजवळ एका मुळीत अडकली होती. ती काढताना मी कमरेपर्यंत भिजलो. एका सहकाऱ्याने ती माझ्या हातातून घेतली आणि नैवेद्याचं ताट न्यावं तशी दोन्ही हातांनी वर नेली. मी निथळत मागून पोचलो तेव्हा पाहुण्यांची गाडी निघाली होती. साहेब जीपमध्ये पुढे बसले होते.

"तुम्ही फार भिजलाय," ते आपुलकीने म्हणाले. "सीट खराब होईल. तुम्ही मागून या."

जीप गेली. वाडीतली माणसंही जेवायला पांगली. काठावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वहाळात पसरलेल्या गोणी, आणि पाणी पुन्हा घोट्याला. मी स्वेटर घ्यायला करंजाकडे गेलो तर काकी आडवी आली.

"आता ह्या परत कोण बांधतलो?"

"काकी, माका हापिसात जावचा आसा."

"हापिसात पाणी आसा?"

"नाय."

"मगे हयसरच रवा. धरा ती गोण."

खरं सांगायचं तर मला नाही म्हणता आलं असतं. पण भिजलेल्या पँटने रस्त्यावर जाण्यापेक्षा भिजलेल्या पँटने पाण्यात उभं राहणं जास्त प्रतिष्ठेचं वाटलं. आणि रागही आला होता. सकाळी पाणी चढताना जे बरं वाटलं होतं ते माझं होतं, ते फोटोसाठी सोडून दिलं होतं.

आम्ही दोघं गोणी ओढत राहिलो. काकी दमली होती, पण बोलण्याने दम भरून काढत होती. थोड्या वेळाने पलीकडून दीर उतरला. मला वाटलं भांडायला आला. त्याने एका गोणीचं टोक धरलं.

"तुका काय झाला?" काकीने विचारलं.

"कायएक नाय. पण माझ्या बागेक पाणी व्हया."

"बंधारो घातल्यार खयसून येतला?"

"पायप घाल मधी. माझ्याकडे तुकडो आसा."

काकीने पाईपला नकार दिला. दिराने गोणीचं टोक सोडलं. काकीने ते एकटीने उचलून बघितलं, हललं नाही. मग ती म्हणाली, "बारीक आसा ना तुकडो?"

तुकडा अजिबात बारीक नव्हता, पण तोपर्यंत दोघंही मागे फिरण्याच्या पलीकडे गेली होती. भिंतीत खालून पाईप बसला. त्यातून मनगटाएवढं पाणी खाली दिराकडे जायला लागलं आणि उरलेलं वर काकीकडे चढायला लागलं. साहेबांच्या भाषेत याला नैसर्गिक संसाधनांचं न्याय्य वाटप म्हणतात. त्यावर दरवर्षी एक कार्यशाळा होते, जेवणासकट.

काकीने मला पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा दिला. दिराने शहाळं काढून दिलं. एकमेकांशी मात्र ती दोघं बोलली नाहीत.

उन्हं कलताना मी मोठ्या रस्त्यावर आलो. एसटी निघून गेली होती. माझ्या अवताराकडे बघून दुचाकीवाले वेग वाढवत होते. शेवटी थांबला तो एक डंपर. वरून ताडपत्री घट्ट बांधलेली आणि मागच्या फळीतून पाणी ठिबकतंय, म्हणजे आत काय असेल ते सांगायला नको. सकाळी आमच्या गोणींना जी मिळाली नव्हती ती.

"खंय?" ड्रायव्हरने विचारलं.

"मालवण."

मी चढलो. थोडं अंतर गेल्यावर त्याने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"साहेब खंयच्या खात्यात?"

"पाण्याच्या."

"मगे बरां," तो म्हणाला आणि पुन्हा वेग घेतला. मी आरशात बघत होतो. वाळूतलं खाडीचं पाणी मागे रस्त्यावर बारीक रेघ ओढत चाललं होतं. मी आरसा सोडून समोर बघायला लागलो. त्याने मला बसवून घेतलं होतं, आणि माझ्या खात्याच्या जीपने नव्हतं.

पुढच्या दिवशी फोटो छापून आला. पाहुणे गोण धरून हसतायत आणि मागे पाणी उसळतंय. खाली लिहिलं होतं की बंधारा पहिल्याच दिवशी ओसंडून वाहिला. साहेब खूश होते. मला म्हणाले, "बघा, मनात आणलं की काम होतं." मी नाक पुसत होतो, कारण सर्दी झाली होती. थंडी अखेर पडली होती, निदान माझ्यात.

फेब्रुवारीत एका रविवारी नातेवाइकांकडे जाताना मी त्या वाडीवरून वळलो. बंधारा उभा होता. वरच्या बाजूला काळं, शांत पाणी, कडेने चवळीच्या शेंगा लोंबत होत्या. खाली माड हिरवे. आणि मधोमध, गोणींवर उकिडवी बसून, काकी आणि दीर तावातावाने भांडत होती.

"ही पायपात चिंधी घालता," दिराने मला बघताच तक्रार केली.

"ह्यो काढता," काकी म्हणाली.

मी चपला काढून पाण्यात पाय सोडले आणि दोघांचं ऐकून घेतलं. एक दिवस चिंधी घाला, एक दिवस काढा, असं सुचवून पाहिलं. दोघांनीही ते एकाच दमात धुडकावलं. त्या दिवशी ती दोघं एवढ्यावरच सहमत झाली. मग काकी चहा टाकायला उठली आणि जाताना दिराला म्हणाली, "साखर घालतलंय काय नको? मागच्या खेपेक डॉक्टरान तुका काय सांगल्यान?"

पाईपमधून पाणी जात होतं. चिंधी काठावर वाळत होती.