पोळ्यांचे काम आणि 'निराधार' हा शब्द

तहसील कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलावर आजवर असंख्य माणसांच्या वतीने मी 'मी' लिहिले आहे. विधवा, अपंग, उताऱ्यावरून नाव उडालेले वारस, सर्वांचे 'मी खाली सही करणार' माझ्याच अक्षरात आहे. शिक्षण नववीत थांबले असले, तरी अर्जाच्या भाषेत या आवारात माझा हात धरणारा कोणी नाही, हे वकील मंडळीही मान्य करतात. म्हणून नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतील वाचनालयाने गोष्टींची बैठक ठरवली, तेव्हा मी निश्चिंत होतो. निवृत्त शिक्षिकाबाईंनी नियम सांगितला: चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्याची गोष्ट आधी ऐकून घ्यायची आणि मग सर्वांसमोर 'मी' म्हणून सांगायची. नाना गावांची, नाना जातींची माणसे इथे भिंतीला भिंत लावून राहतात आणि परकी राहतात. ती ओळखीची व्हावीत, हा हेतू.

माझ्या चिठ्ठीत मागच्या खोल्यांत नव्याने राहायला आलेल्या, पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्याकडच्या एका बाईंचे नाव निघाले. वाचनालयाच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितले, "भाऊ, मला पोळ्यांची कामं पायजेत. दारावर गेले का आधी गाव विचारतात. मग आडनाव विचारतात. मग म्हणतात, आमच्याकडं बाई हाय."

"मग हेच मांडू," मी म्हणालो.

"मांडा. पण माझी कीव येईल असं काय बोलू नका. कीव आली का लोक जुनी साडी देतात, काम नाय देत."

"ताई, निर्धास्त राहा," असे मी म्हणालो खरा. परंतु घरी आल्यावर मलाच जेवण गोड लागेना. कीव वगळून अर्ज कसा लिहायचा? 'अत्यंत गरीब', 'निराधार', 'उपासमारीची वेळ' या खांबांवरच तर माझी सारी इमारत उभी. ते काढले तर तोंडातून काय निघेल, याचा मला अदमास लागेना. शिवाय चुकलो तर कामे त्यांची हुकणार होती.

सौभाग्यवतींनी टोमणा मारलाच. "अख्ख्या तालुक्याचे अर्ज लिहिता, आणि एका बाईची गोष्ट सांगायला घाम फुटला?"

बैठकीच्या दिवशी सभागृह भरले होते. माझे नाव पुकारले गेले. बाई दुसऱ्या रांगेत पदर घट्ट धरून बसल्या होत्या. मी उभा राहिलो आणि वर्षानुवर्षांची सवय जिभेवर येऊन बसली.

"मी एक गरीब, निराधार महिला असून..."

"कोण निराधार?" बाई जागेवरूनच कडाडल्या. "मी इथं बसलेली हाय ना! धडधाकट हाय. नवरा रिक्षा चालवतो. निराधार कशाची?"

सभागृहात हशा पिकला. मागून कोणी ओरडले, "साहेब, अर्जाला तिकीट लावायचं राहिलं!"

"मग काय सांगू?" मी भर सभेत त्यांनाच विचारले.

"आश्रमशाळेतल्या पोरांचं सांगा की."

तेव्हा ओट्यावर त्यांच्याकडून ऐकलेले तेच मी त्यांच्या वतीने सांगितले: मी आश्रमशाळेत स्वयंपाक करीत होते. पोरे नागलीच्या भाकरीवर वाढलेली. गव्हाची पोळी पाहून म्हणाली, हे तर फडके आहे. मग मी तव्याजवळ बसवून एकेकाच्या नावाची पोळी फुगवून दाखवू लागले. आपली पोळी फुगेपर्यंत कोणी जागचे हलत नसे. एवढे बोलून मी खाली बसलो. 'सबब विनंती' म्हणायचे राहून गेले.

बैठक उठल्यावर समोरच्या बंगल्यातल्या वहिनी आमच्याकडे आल्या. "अहो, माझ्याकडे जुन्या साड्या आहेत, चालतील का?"

'निराधार' हा शब्द माझ्या तोंडून निघाला तो निघालाच होता.

"साड्या राहू द्या, वहिनी," बाई म्हणाल्या. "पोळ्यांना बाई हाय का तुमच्याकडं?"

"तशी नाहीये... पण आमच्या सासूबाई फार पाळतात हो."

त्या काय पाळतात हे तिघांनाही कळले.

"पाळू द्या की. पोळी गरम असली म्हणजे झालं."

"सोमवारी या. बघू."

कचेरीतले 'बघू' मला चांगले ठाऊक आहे. त्याच्याखाली कागद पिवळे पडतात.

सोमवारी माझे लक्ष लागेना. एका अर्जात मी अर्जदाराच्या जागी गैरअर्जदाराचे नाव लिहिले. दुपारी बाई परस्पर टेबलाशीच येऊन उभ्या राहिल्या. कोपराला पीठ होते.

"काय झालं, ताई?"

"म्हातारीनं आधी ताट सरकवलं. मग एक खाल्ली. मग दुसरी मागितली."

"काही बोलल्या?"

"मीठ कमी हाय म्हणाल्या." बाई हसल्या. "उद्या जास्त घालते."

मला हसू आले नाही. मीठ कमी ही तक्रार आहे, आणि एवढ्याशा तक्रारी पुढे कुठवर जातात हे माझ्याइतके कोणाला माहीत? मात्र त्या 'उद्या' म्हणाल्या होत्या. त्या एका शब्दाच्या भरवशावर मी चुकलेला अर्ज फाडला आणि नवा कागद घेतला.